वाचनालयाच्या जुन्या संगणकावर डेबियन बसवताना

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे, सुटे भाग जोडून करून घेतलेला. आत इंटेलचा कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर२ रॅमच्या दोन पट्ट्या आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क. हा प्रोसेसर २००९ साली बाजारात आला. त्यावर विंडोज ७ होतं. पुस्तकांचं दाखल रजिस्टर, सभासदांची वर्गणी, वार्षिक अहवाल असं वाचनालयाचं सगळं लिखापढीचं काम या एका यंत्रावर चालायचं.

मी नोकरीला मुंबईत असतो. गावी गेलो की वाचनालयात चक्कर होतेच. ग्रंथपाल ताईंनी अडचण सांगितली ती अशी: "दादा, बँकेची साइट उघडत नाही, अहवाल भरायचं पान उघडत नाही. जिथे जावं तिथे सुरक्षित नाही, सुरक्षित नाही म्हणतं. शेवटी मोबाइलवरून भरते सगळं."

विंडोज ७ चं अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालं. क्रोम ब्राउझरची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. त्यापुढे ब्राउझर जुना होत गेला आणि साइट पुढे गेल्या. विंडोज १० टाकायचं तर त्याचाही नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ चा तर प्रश्नच नाही. आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर त्याला चालत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीत असतं आणि त्यावरच्या पळवाटाही लोक सांगतात. पण २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये 'पॉपकाउंट' नावाची सूचना (प्रोसेसरला थेट कळणारी एक आज्ञा) असावीच लागते, आणि कोअर टू ड्युओमध्ये ती नाही. तिथे पळवाट चालत नाही.

समितीतल्या काहींचं म्हणणं होतं, भंगारात द्या. लहान वाचनालयाला नवीन संगणक म्हणजे वर्षभराच्या पुस्तक खरेदीला कात्री. पंख्यातून आवाज येत असला तरी यंत्र चालू होतं, कीबोर्ड-मॉनिटर ठीक होते. मला ते भंगारात जाऊ द्यायचं नव्हतं. त्यावर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवायचं ठरवलं.

इथे पहिला गैरसमज आडवा आला. "जुनं मशीन आहे, बत्तीस बिटवालं टाका," असं दोघा-तिघांनी सांगितलं. यंत्रावरचं विंडोज ७ बत्तीस बिटांचं होतं हे खरं, पण प्रोसेसर चौसष्ट बिटांचा आहे. कोअर टू ड्युओ सगळेच तसे असतात. हे आधी पाहून घेणं फार गरजेचं, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून बत्तीस बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच मिळत नाही. चौसष्ट बिट चालत असताना बत्तीसच्या मागे लागलो असतो तर उगाच जुन्या आवृत्तीवर अडकून बसलो असतो. डेबियनमध्ये चौसष्ट बिटांच्या आवृत्तीला 'एएमडी६४' म्हणतात, म्हणून इंटेलवाले ती सोडून देतात. तीच घ्यायची. हा विस्तार एएमडीने आधी आणला, त्यामुळे ते नाव पडलं, इतकंच.

सगळ्यात आधी डेटा. हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला लावली आणि काही करण्याआधी स्मार्टसीटीएल चालवलं. हा छोटा प्रोग्रॅम डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचून दाखवतो. 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीत शून्य नव्हतं, म्हणजे काही जागा वाचताना डिस्क अडखळत होती. अशा डिस्कवर नवीन काही बसवायचं नाही. फायली उतरवून घेतल्या, दोन ठिकाणी ठेवल्या, आणि २४० जीबीची साधी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्यायची ठरवली. या बोर्डावरच्या आयसीएच७ चिपमध्ये एएचसीआय मोड (डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) नाही, साटाचा (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वाटेचा) वेगही सेकंदाला ३ गिगाबिटच, त्यामुळे एसएसडीचा जाहिरातीतला वेग इथे मिळत नाही. तरी घ्यावीच. जुनं यंत्र संथ वाटतं ते मुख्यतः फिरत्या डिस्कवर इकडून तिकडे शोधत बसण्यामुळे, आणि एसएसडीमुळे नेमकं ते शोधणं वाचतं.

कॅबिनेट उघडलं तेव्हा समुद्राजवळच्या गावात यंत्राचं काय होतं ते दिसलं. मागच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं होतं. स्क्रूंना गंज चढलेला. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांमागे धुळीची गादी, आणि तो पंखा बोर्डाला धरून ठेवणाऱ्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांपैकी एक सुटलेली. या जातीच्या सॉकेटवर ही खुंटी सुटते आणि बाहेरून कळत नाही. पंखा फिरतो, पण खालचा धातू प्रोसेसरला नीट टेकत नाही. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट खवल्यांसारखी निघाली. पुसून नवीन लावली, खुंट्या तिरक्या जोडीने दाबून बसवल्या. बोर्डावरचे कपॅसिटर नीट पाहिले. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर ते डोक्याला फुगलेले असतात. इथे सगळे सपाट होते. ते फुगलेले निघाले असते तर मी समितीला नवीन यंत्राचंच सुचवलं असतं.

मग पेनड्राइव्ह. डेबियनची आयएसओ फाइल (पूर्ण इन्स्टॉलर असलेली एकच फाइल) उतरवली, तिची एसएचए२५६ बेरीज (फाइल वाटेत बिघडली नाही ना हे कळण्यासाठी) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहिली. हे करायला मिनिटभर लागतं, आणि पुढचा किती संशय त्याने वाचतो हे या कामात कळलं. रूफस नावाच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार केला, वाचनालयाच्या यंत्राला लावला, तर काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहिली. रूफस विचारतं की 'आयएसओ' पद्धतीने लिहू की 'डीडी' पद्धतीने. पहिल्या पद्धतीत तो पेनड्राइव्हची मांडणी स्वतःची करतो, दुसरीत फाइल आहे तशी बाइटला बाइट उतरवतो. या यंत्राच्या बायोसला (चालू होताच बोर्डावरूनच सुरू होणारा प्रोग्रॅम) पहिली पटली नाही. डीडीने लिहिल्यावर रेघ गेली, पण यंत्र सरळ एसएसडीकडे वळून 'बूट डिव्हाइस निवडा' म्हणू लागलं.

या पिढीच्या बायोसची एक खोड आहे. पेनड्राइव्ह दिसायला काढता येणारी वस्तू, पण बायोस त्याला हार्ड डिस्क समजतो. बूटच्या क्रमात 'रिमूव्हेबल' वर नेऊन काही होत नाही. 'हार्ड डिस्क ड्राइव्हज' नावाच्या वेगळ्या यादीत जाऊन पेनड्राइव्ह पहिल्या क्रमांकावर आणावा लागतो, आणि तोही यंत्र चालू होताना लावलेला असेल तरच त्या यादीत दिसतो. शिवाय पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या पोर्टला लावायचा. पुढची पोर्टं आतल्या लांब वायरीने बोर्डाला जोडलेली असतात आणि पंधरा वर्षांत ती वायर सैल झालेली असते. एवढं केल्यावर डेबियनचा मेनू आला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गायब. तेच यंत्र, तोच पेनड्राइव्ह, तेच पोर्ट. चालू केल्यावर 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' अशी ओळ आणि एफ१ दाबायची सूचना. ताई म्हणाल्या, "हे तर रोजचंच आहे. एफ१ दाबलं की पुढे जातं." वाचनालय बंद करताना मेन स्विच बंद करायची त्यांची शिस्त, आणि कोकणात वीज जाणं-येणं आहेच. बोर्डावरची सीआर२०३२ बटन बॅटरी संपलेली होती. वीज तुटली की बायोस आपली सगळी सेटिंग विसरायचा: बूटचा क्रम, यूएसबी कीबोर्डची परवानगी आणि तारीख. तारीख कारखान्यातल्या वर्षावर जाऊन बसायची. बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणत होती त्यातला अर्धा भाग इथे होता. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि यंत्राचं घड्याळ त्या सुरुवातीच्याही मागे असेल तर ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारणारच. लिनक्सवरही घड्याळ मागे असलं की पॅकेजांची (लिनक्सचे प्रोग्रॅम ज्या गठ्ठ्यांत येतात त्यांची) यादी 'अजून वैध झालेली नाही' अशी तक्रार येते. किराणा दुकानातसुद्धा मिळणारी ती बॅटरी बदलली. त्यानंतर यंत्र दोन दिवस लागोपाठ सारखं वागू लागलं, आणि सारखं वागणाऱ्या यंत्राचाच दोष शोधता येतो.

पुढचा टप्पा सगळ्यात लांबला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच.

इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा, कीबोर्ड, डिस्कची विभागणी सगळं झालं, आणि मूळ प्रणाली उतरवताना लाल पट्टी आली: टप्पा अयशस्वी. पुन्हा चालवलं, तर तो टप्पा पार झाला आणि पुढे डेस्कटॉपची पॅकेजं उतरवताना अडला. पुन्हा चालवलं, वेगळ्याच पॅकेजवर अडला. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबलं की इन्स्टॉलरच्या मागे चाललेली नोंद दिसते (परत यायला एफ५). तिथे दर वेळी एकाच अर्थाची ओळ होती, की दाबून बांधलेलं पॅकेज उघडताना आतला मजकूर बिघडलेला सापडला. पॅकेजाचं नाव मात्र दर वेळी निराळं.

अशा वेळी बहुतेक लोक पेनड्राइव्ह बदलतात, दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) आणतात, 'लिनक्स या मशीनला चालत नाही' म्हणून मोकळे होतात. मी तिथे थांबून जागा पाहिल्या. दर वेळी त्याच जागी अडत असेल तर दोष बहुधा मजकुरात, पेनड्राइव्हमध्ये किंवा डिस्कच्या त्या भागात. दर वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर मजकूर ठीक आहे आणि तो हाताळणारं काहीतरी डळमळीत आहे: रॅम, वीज किंवा उष्णता. आयएसओची बेरीज जुळलेली होती. पंखा नुकताच बसवलेला होता. राहिली रॅम.

मेमटेस्ट८६+ वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतलं. हा प्रोग्रॅम कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय स्वतःच बूट होतो आणि रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहून परत वाचून पाहतो. लिहिलेलं आणि वाचलेलं जुळलं नाही की लाल ओळ. वाचनालयाच्या यंत्रावर पहिल्याच फेरीत लाल ओळी आल्या.

आत दोन पट्ट्या होत्या, एक २ जीबीची आणि एक १ जीबीची, वेगवेगळ्या वेळी घातलेल्या. दोष कुठल्या पट्टीत हे लाल ओळीतल्या पत्त्यावरून ओळखता येत नाही, कारण दोन्ही पट्ट्या असताना बोर्ड मजकूर दोघींत वाटून ठेवू शकतो. एकेक करूनच पाहावं लागतं, आणि पट्टी व खाच दोन्हींचा विचार करून. २ जीबीची पट्टी पहिल्या खाचेत: रात्रभर एकही चूक नाही. तीच दुसऱ्या खाचेत: स्वच्छ. म्हणजे दोन्ही खाचा ठीक. १ जीबीची पहिल्या खाचेत: लाल. तिची सोनेरी टोकं खोडरबराने घासली, खाच मऊ ब्रशने साफ केली. खाऱ्या हवेत त्या टोकांवर थर चढतो आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम भागतं. चुका कमी झाल्या, पण एका ठरावीक पत्त्यावरची चूक राहिलीच. दुसऱ्या खाचेतही त्याच पत्त्यावर, तोच बिट. आता शंका उरली नाही. पट्टीतली एक जागा मेलेली होती.

ताईंना दाखवलं. त्या थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "निळा स्क्रीन तर नेहमी यायचा हो. व्हायरस असेल म्हणून दरवर्षी फॉरमॅट मारून घ्यायचो. पैसे द्यायचो त्याचे."

मला तेव्हा मनापासून वाईट वाटलं. फॉरमॅट मारून रॅम दुरुस्त होत नाही. पण फॉरमॅटनंतर यंत्र काही महिने बरं चालतं हेही खरं, कारण नव्या विंडोजवर पसारा कमी असतो, रॅम कमी भरते, आणि मेलेल्या जागेपर्यंत मजकूर क्वचितच पोचतो. हळूहळू प्रोग्रॅम वाढतात, ती जागा वापरात येते, निळा पडदा परत येतो, पुन्हा फॉरमॅट. इन्स्टॉलर लगेच अडला याचं कारणही तेच. तो शेकडो पॅकेजं उघडतो, वाचलेलं सगळं रॅममध्ये धरून ठेवतो, त्यामुळे काही मिनिटांत रॅम काठोकाठ भरते. एखादा बिट उलटा झाला तरी दाबून बांधलेलं पॅकेज उघडत नाही, आणि तो थांबतो. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये तोच बिट उलटा झाला तर कदाचित एका पुस्तकाची किंमत बदलेल आणि कुणाला कळणारही नाही.

या विचाराने मी अस्वस्थ झालो आणि बसवण्याचं काम थांबवून आधी दाखल रजिस्टर तपासायचं ठरवलं. वाचनालयाकडे हाताने लिहिलेली बांधीव रजिस्टरं सुदैवाने आजही चालू आहेत. ताईंनी, समितीच्या नानांनी आणि मी मिळून संगणकातल्या नोंदी त्यांच्याशी ताडल्या. एक वाचायचा, दोघे बघायचे. एका वर्षाची फाइल उघडतच नव्हती, तिची जुनी प्रत दुसऱ्या फोल्डरात मिळाली. काही नोंदींत फरक निघाले. त्यातले बहुतेक टंकनाचे असावेत, पण रॅम तशी असताना खात्रीने कुणी सांगावं? जे कागदावर होतं ते खरं धरून दुरुस्त केलं. संगणक आला म्हणून बांधीव रजिस्टर बंद केलेल्या वाचनालयांना मी आवर्जून सांगेन की ते पुन्हा सुरू करा.

खराब जागा वगळून रॅम वापरण्याची सोय लिनक्समध्ये आहे. मेमटेस्टने दिलेले पत्ते ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा बूट लोडर) 'बॅडरॅम' सेटिंगमध्ये घातले की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथे जात नाही. घरच्या प्रयोगासाठी ते ठीक. पण पट्टीतली एक जागा गेली की शेजारच्या जागाही पुढे जाऊ शकतात, आणि इथे गावाच्या पुस्तकांची नोंद आहे. मी ती पट्टी काढून टाकली.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुनी डीडीआर२ रॅम अजून मिळते. तिथल्या एका दुकानदाराने पट्टी हातात देण्याआधी विचारलं, "बोर्ड इंटेल का?" हो म्हटल्यावर त्याने ती परत ठेवली आणि दुसऱ्या डब्यातून काढून दिली. त्याने विचारलं याबद्दल मी त्याचा आभारी आहे. डीडीआर२ च्या स्वस्त पट्ट्यांत 'फक्त एएमडीसाठी' अशी एक जात असते. तिच्यावरच्या चिप जास्त घनतेच्या असतात, त्या काळच्या इंटेल चिपसेटला त्या समजत नाहीत, आणि यंत्र एकतर चालू होत नाही किंवा अर्धीच रॅम दाखवतं. पट्टी परत करायला मुंबई गाठायची म्हणजे काय ते गावाकडच्याला विचारावं. २ जीबीची आणखी एक पट्टी घेतली, एकूण ४ जीबी झाली. या चिपसेटची कमाल तेवढीच. गावी जाऊन दोन्ही पट्ट्या घालून पुन्हा मेमटेस्ट लावलं. मधे वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पूर्ण फेऱ्या स्वच्छ निघाल्या.

आता इन्स्टॉलर सरळ जाईल अशी अपेक्षा होती. तो अडला नाही, पण डिस्कवर लिहिताना मधेच अर्धा-एक मिनिट गोठायचा आणि पुन्हा चालू व्हायचा. पुन्हा नोंद पाहिली. तिथे डिस्कच्या पोर्टच्या नावापुढे 'आयसीआरसी' आणि 'एबीआरटी' अशी अक्षरं होती, आणि त्याखाली कर्नलने वेग उतरवून 'यूडीएमए/३३' केल्याची ओळ. नोंद वाचायची सवय नसेल तर इथे कुणीही नवी एसएसडी खराब म्हणून परत पाठवेल. पण आयसीआरसी म्हणजे बोर्ड आणि डिस्क यांच्यामधल्या वाटेत मजकूर बिघडला. डिस्कच्या आतल्या जागा खराब असत्या तर तक्रार वेगळ्या शब्दांत आली असती. त्या वाटेत एकच वस्तू आहे, साटाची लाल केबल, यंत्राइतकीच जुनी, बिनखटक्याची. नवी खटक्याची केबल लावली. स्मार्टच्या यादीत, म्हणजे डिस्कच्या स्वतःबद्दलच्या नोंदीत, सीआरसी चुकांचा एक आकडा असतो. तो कधी कमी होत नाही, पण त्यानंतर वाढायचा थांबला, आणि तीच खूण.

शेवटचा प्रश्न ग्रबचा. इन्स्टॉलर विचारतो, बूट लोडर कुठल्या डिस्कवर बसवू, आणि यादीत एसएसडी आणि पेनड्राइव्ह दोन्ही दिसतात. 'एसडीए', 'एसडीबी' या नावांवर विसंबायचं नाही, ती पेनड्राइव्ह आधी सापडला की उलटी होतात. त्यापुढे 'एटीए' लिहिलंय की 'यूएसबी' ते पाहायचं. विभागणीचा तक्ता मी जुना एमबीआरच ठेवला होता. त्याची मर्यादा २ टीबी, आपली डिस्क त्याच्या आठव्या हिश्श्याएवढीही नाही, आणि काही जुने बायोस नव्या जीपीटी तक्त्याच्या डिस्कवरून बूट व्हायला कुरकुर करतात. पेनड्राइव्ह काढला, यंत्र चालू केलं, लॉगिनचा पडदा आला.

डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई घेतला. या बोर्डावरच्या ग्राफिक्सला नोमसारखा जड डेस्कटॉप झेपणार नाही. इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते, फक्त ग्राफिकल इन्स्टॉलर घ्यावा लागतो, कारण नुसत्या मजकुराच्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरं बसत नाहीत. तरी बसवताना मी इंग्रजी ठेवली. चुकीची ओळ जशीच्या तशी शोधता यावी म्हणून. बसवून झाल्यावर मराठीचं लोकेल (भाषेची सेटिंग) घातलं, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडला आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्ट टाकला. लोकेल मराठी असलं की हा फॉन्ट आपला देठाचा श आणि पाकळीचा ल दाखवतो, हिंदी वळणाचे दाखवत नाही. ताईंच्या ते लगेच लक्षात आलं. "हां, आता आपलं वाटतंय," म्हणाल्या.

मग जुन्या फायली उघडल्या, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ. फायली बिघडल्या नव्हत्या. सुरुवातीच्या वर्षांतल्या नोंदी युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या पद्धतीत आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नाही तर मराठी नाही. जुन्या डिस्कच्या फॉन्ट फोल्डरातून ती फाइल काढून होम फोल्डरातल्या फॉन्टच्या जागी ठेवली, फॉन्टची यादी ताजी केली, आणि लिब्रेऑफिसमध्ये नोंदी वाचता येऊ लागल्या. वाचता आल्या तरी शोधता येत नाहीत, त्यामुळे त्या युनिकोडमध्ये नेणं बाकी आहे. ते काम बांधीव रजिस्टर शेजारी ठेवूनच करायचं, कारण बदलणारे प्रोग्रॅम रफार आणि जोडाक्षरांत गडबडतात.

पडदा १०२४ बाय ७६८ वर अडकला होता, अक्षरं पसरट दिसत होती. त्यात लिनक्सचा दोष नव्हता. व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांमधून मॉनिटर आपली माहिती यंत्राला सांगतो. आमच्या केबलची त्यातली एक पिन मोडलेली होती, म्हणून यंत्राने मॉनिटर न ओळखता सुरक्षित आकार धरला. केबल बदलली, पडदा नीट झाला.

यंत्राच्या मर्यादा मी समितीला स्पष्ट सांगितल्या आहेत. ब्राउझरमध्ये दोन-चार पानं ठीक, दहा उघडली की ते धापा टाकतं. मोठ्या आकाराचे व्हिडिओ अडखळतात, कारण या ग्राफिक्सला ते उलगडायला मदत करता येत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. पण बँक उघडते, अहवाल भरता येतो, पावत्या छापता येतात. डेबियन १३ ला ऑगस्ट २०२८ पर्यंत पूर्ण पाठिंबा आहे आणि त्यापुढे सुरक्षेचे अपडेट ३० जून २०३० पर्यंत मिळतील. त्याआधी बोर्डच गेला तर एसएसडी काढून दुसऱ्या एखाद्या जुन्या पीसीला लावायची. ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्यामुळे ती बहुतेक वेळा तशीच चालू होते, फक्त नव्या पीसीच्या बायोसमध्ये जुन्या पद्धतीचं बूट चालू करावं लागतं. तसा एखादा पीसी कुणाकडे पडून आहे का, याची नाना सध्या चौकशी करताहेत.